आप्त कोणाला म्हणावे?

न्यायशास्त्राने प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या पंक्तीत शब्दालाही प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, म्हणून बसवले. मात्र हा मान त्याने वाटेल त्याच्या शब्दाला न देता केवळ आप्ताच्या शब्दाला दिला. येथे आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने विषय स्वतः जाणला आहे आणि जसा जाणला तसाच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, अशी न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाची व्याख्या असून ती ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखीच लागू पडते, असेही हा भाष्यकार बजावतो. ‘बाबावाक्यं प्रमाणम्’ या टोमण्यातील बाबा या व्याख्येत बसत नाही.

आज आप्ताची जागा तज्ज्ञाने घेतली आहे; पण केवळ तज्ज्ञाच्या नावावर उभा केलेला युक्तिवाद कोठे लंगडा पडतो, हे लायनस पॉलिंग यांच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. रसायनशास्त्राचे (1954) आणि शांततेचे (1962) नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने 1976 साली इवान कॅमेरॉन या डॉक्टरांसह असे मांडले की, रोज सुमारे 10 ग्रॅम क जीवनसत्त्व दिलेले 100 कर्करुग्ण जुन्या नोंदींतील 1000 रुग्णांपेक्षा कितीतरी अधिक काळ जगले. खोट तुलनेतच होती. कारण रुग्ण ‘असाध्य’ कोणत्या टप्प्यावर ठरवला गेला, यावरच पुढे मोजले जाणारे दिवस कमीजास्त होतात. मेयो क्लिनिकने रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून, एका गटाला जीवनसत्त्व आणि दुसऱ्याला दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या देऊन चाचणी घेतली, तेव्हा 1979 साली दोन्ही गटांत फरक आढळला नाही. बहुतेक रुग्णांनी आधी केमोथेरपी घेतली होती, हा पॉलिंग यांचा आक्षेप विचारात घेऊन ती न घेतलेल्या रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. 1985 चा निकालही तोच निघाला. हा आक्षेप तपासण्याजोगा होता, म्हणून तो तपासला गेला. नोबेलचा हवाला मात्र तपासता येत नाही, आणि सामान्य माणूस क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होता तो बहुधा त्याच भरवशावर.

पॉलिंग चुकले, म्हणून सगळेच तज्ज्ञ भोंदू, हा निष्कर्षही तितकाच आळशी आहे; किंबहुना आजकाल तोच अधिक ऐकू येतो.

प्रस्तुत अंकातील काही लेखकांच्या नावांमागेही पदव्या आहेत. वाचकांनी त्या क्षणभर बाजूला ठेवून लेख वाचावेत आणि पुरावा जेथे तोकडा वाटेल, तेथे तसे संपादकांना निःसंकोच कळवावे.