टेकडीवरची वाट कोणाची?

पावसाळा सरला की पुण्याच्या वेताळ टेकडीवर आणि हनुमान टेकडीवर रविवारी सकाळी कुदळ, फावडे व घमेली घेतलेली काही मंडळी दिसू लागतात. त्यांत कोणी सेवानिवृत्त अभियंता असतो, कोणी गृहिणी, कोणी महाविद्यालयीन विद्यार्थी. पावसाने उखडलेल्या पायवाटा सावरणे हा त्यांचा उद्योग. त्यांना कोणी नेमलेले नाही, की वेतन दिलेले नाही. शहराने त्यांचे कौतुक पुष्कळ केले. अधिकार मात्र तिळमात्र दिला नाही. या विसंगतीकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो.

पायवाट आपोआप टिकते, असा एक सोयीस्कर समज आहे. वस्तुतः वाटेचा खरा वैरी पाणी. उतारावरून सरळ खाली येणारी वाट म्हणजे पहिल्या जोरदार सरीनंतरचा ओघळ. दोन-तीन पावसाळ्यांत तेथे गुडघाभर घळ पडते, मुरूम वाहून जातो आणि चालणारे बाजूचे गवत तुडवीत दुसरी वाट पाडतात. म्हणून जाणते कार्यकर्ते वाट उताराला आडवी, वळणे घेत नेतात, बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवतात, ठिकठिकाणी दगड बसवून पाणी बाजूला काढतात आणि जवळची आडवाट काटेरी फांद्यांनी बंद करतात. (आमच्या शिक्षकी काळात टेकडीवर नेलेली मुले अशाच आडवाटांनी धावत सुटत आणि आम्ही ते कौतुकाने पाहत असू, हे येथे कबूल केलेले बरे.) हे काम दरसाल नव्याने करावे लागते.

सेवाभाव असला म्हणजे हातून चूक होतच नाही, असे मात्र नव्हे. टेकडी उघडी दिसते म्हणून तिच्यावर गिरिपुष्पासारखी परदेशी झाडे लावली गेली, आणि गवताळ माळ हीच या टेकड्यांची मूळ संपत्ती असल्याचा विसर सरकारी खात्याला पडला तसा हौशी वृक्षप्रेमींनाही पडला.

परंतु खरा प्रश्न अधिकाराचा आहे. टेकडीची काही जमीन वनखात्याची, काही महापालिकेची, काही खासगी. वर्षानुवर्षे राखलेल्या वाटेवर उद्या सिमेंटच्या पायऱ्या चढल्या, तरी ती राखणाऱ्यास विचारण्याचे बंधन कोणावर आहे? १९८७ च्या विकास आराखड्यात दाखविलेल्या बालभारती-पौड फाटा रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये हजारो नागरिकांनी मोर्चा काढला. त्या गर्दीत टेकडीची निगा राखणारेही निव्वळ हरकतदार ठरले.

अमेरिकेतील ॲपलाचियन पायवाटेचा दाखला येथे उद्बोधक ठरेल. बेंटन मॅकाय यांनी १९२१ साली तिची कल्पना मांडली. हौशी मंडळांनी १९३७ पर्यंत ती अखंड केली. चौदा राज्यांतून जाणाऱ्या सुमारे साडेतीन हजार किलोमीटरच्या या वाटेला १९६८ च्या कायद्याने संरक्षण मिळाले. १९८४ साली तर तेथील राष्ट्रीय उद्यान खात्याने वाटेच्या व्यवस्थेची जबाबदारीच या मंडळांच्या मध्यवर्ती संस्थेकडे सोपविली. एकेका मंडळाकडे ठरावीक टप्पा, अशी तिथली रीत आहे.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच अपरिचित आहे काय? १९९० साली केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण स्वीकारून ग्रामस्थांना वनराखणीत भागीदार केले. त्या धोरणाचा रोख खेड्यांवर होता. शहरातील टेकडीला तेच तत्त्व का लागू नये, याचे समर्पक उत्तर आमच्या तरी वाचनात आलेले नाही.

वनखाते व महापालिका यांनी या मंडळांशी लेखी करार करावेत. कोणती वाट कोणाकडे, हे त्यांत नोंदवावे आणि तिच्यावर कोणतेही बांधकाम काढण्यापूर्वी त्या मंडळाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक करावे. मंडळांनीही वनस्पतितज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून एकही रोप लावणार नाही, हे मान्य करावे. याला मोठा निधी लागत नाही. पुढच्या जूनची पहिली सर येण्याच्या आत हे करार व्हावेत, अशी आमची मागणी आहे.