घरांतील चार गोष्टी : भूल देण्यापूर्वीं

मराठींत ‘भूल’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक भूल डॉक्टर देतात. दुसरी आम्हीं केली. आमच्या सात वर्षांच्या नातवास दमा आहे. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठीं त्यास येथेंच नाशकांत एका इस्पितळांत न्यावयाचें होतें. औषधाचें वावडें आहे काय, या प्रश्नापुढें आम्हीं स्वहस्तें ‘नाहीं’ असें लिहिलें. आदल्या रात्रीं त्याच्या आजीस आठवलें कीं, दुसऱ्या वर्षीं एका प्रतिजैविकानंतर मुलाच्या अंगावर गांधी उठून ओठ सुजले होते. जुनी चिठ्ठी शोधून ती सकाळीं भूलतज्ज्ञांस दाखविली. “बरें झालें, गुरुजी, हेंच औषध आज शिरेंतून देणार होतों,” एवढेंच ते म्हणाले. आम्हांस घाम फुटला.

फ्रान्समधील शार्ल रिशे व पॉल पोर्तिए यांस प्रयोगांत दिसलें कीं, पहिल्या वेळीं सोसलेलें विष पुढें अत्यल्प मात्रेंतही कुत्र्याचा प्राण घेतें. या प्रकारास १९०२ सालीं त्यांनीं ‘ॲनाफिलॅक्सिस’, म्हणजे रक्षणाच्या उलट, असें नांव दिलें. शस्त्रक्रियेंत प्रतिजैविकें, स्नायू शिथिल करणारीं औषधें, त्वचा निर्जंतुक करणारें द्रावण, रबरी हातमोजे यांपैकीं कशानेंही तो उद्भवूं शकतो. निजलेलें मूल बोलत नाहीं. अंगावरील पुरळ चादरीखालीं झांकलें जातें. रक्तदाब उतरतो, श्वासनलिका आवळतात. आणि मूल दमेकरी असल्यास हा नेहमींचाच दमा असा भास होण्याचा संभव असतो. अशा वेळीं संशयित औषध थांबवून प्राणवायु व ॲड्रेनालिन तत्काळ द्यावें लागतें. केवळ दम्याचा फवारा पुरत नाहीं. मागाहून तपासणी करून अपराधी औषध निश्चित करितात.

हें काम तज्ज्ञांचें. घरचें काम निराळें. एकत्र कुटुंबांत मुलाची माहिती विखुरलेली असते : फवारा आईस ठाऊक, पुरळ आजीस, खर्च बापास. ती एका वहींत आणावी. लोक काय म्हणतील म्हणून दमा लपवूं नये. गेल्या कांहीं आठवड्यांतील सर्दी-खोकला अवश्य सांगावा. वेळीं शस्त्रक्रिया पुढें ढकलावी लागते. नेहमींचा फवारा डॉक्टरांनीं सांगितल्यावांचून बंद करूं नये. मुलाजवळ विडी-सिगारेटचा धूर नसावा.

नातू सुखरूप घरीं आला. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर त्या औषधाचें नांव आतां तांबड्या शाईनें लिहिलेलें आहे.