सिबिल नको म्हणताय, पण कधी बघितलंय का?

वळीव बरा पडलाय, सोयाबीनच्या रानात कुळवाच्या पाळ्या चालू आहेत. पण आज पिकाचं काही लिहीत नाही. पीककर्जाचे दिवस आहेत आणि कराड घ्या, इस्लामपूर घ्या, तासगाव घ्या, बँकेच्या दारात एकच वाक्य कानावर येतंय, "शेतकऱ्याला सिबिल लावू नका." मला ही मागणी अर्धवट वाटते. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

मे २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं, पीककर्जाला सिबिल मागू नका, नाहीतर गुन्हे दाखल करू. बातमी सगळीकडं फिरली. पुढं काय होतं ते तुम्हीच आठवून बघा. साहेब तोंडानं सिबिलचं नाव काढत नाही. "सर्च रिपोर्ट आणा", "फेरफार जुना आहे", "पुढच्या आठवड्यात या" एवढंच म्हणतो. आकडा त्यानं स्क्रीनवर कधीच बघितलेला असतो. आणि पीककर्ज सोडा, ट्रॅक्टर, ठिबक, द्राक्षाचा मांडव, पोरीच्या शिक्षणाचं कर्ज, तिथं त्या आदेशाचा काय उपयोग?

आकड्याबद्दलची आपली तक्रार खरी आहे, तीही सांगतो. शेतीकर्जाला रिझर्व्ह बँकेनं हंगाम धरलाय. कमी मुदतीच्या पिकाचं कर्ज दोन हंगाम थकलं, जास्त मुदतीच्या पिकाचं एक हंगाम थकलं, की खातं एनपीए. म्हणजे पाऊस, गारपीट, उसाचं लांबलेलं बिल याला थोडी तरी जागा ठेवलीय. पण मोबाइलच्या हप्त्याला हंगाम नसतो. त्याला महिन्याची ठरलेली तारीख कळते, बाकी काही नाही. आमच्या शिवारातल्या एका पोरानं हप्त्यावर फोन घेतला. कारखान्याचं बिल लांबलं, दोन हप्ते चुकले. थकले अडीच हजार, आणि त्यापायी अडला बापाबरोबरच्या सामाईक खात्यावरचा ट्रॅक्टर. सातबारा कोरा, जमीन बागायत, तरी अडला. तीनशे ते नऊशेच्या मापात बागायत कुठंच मोजत नाहीत.

मग अडलेला माणूस जातो कुठं? तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि पंजाबराव देशमुख योजना मिळून व्याज शून्यावर येतं. खासगीवाला शेकडा तीन रुपये महिना घेतो, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. मार्चअखेरीला सोसायटीचं नवं-जुनं करायला आठ दिवसांसाठी पैसे देणारा पण तोच. सिबिल खराब झालेला शेतकरी त्याच्यासाठी हक्काचं गिऱ्हाईक.

आता इतिहासातलं एक सांगतो, कारण हे आपल्याच जिल्ह्याचं आहे. १८७५ साली सुप्याला दंगा पेटला, पुणे-नगरकडं लोकांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना तो लागू होता, आणि आजच्या सांगलीतला वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यातच. कायद्याची इतर कलमं राहू देत. त्यात शेतकऱ्याला मिळालेला एक हक्क बघा. पैसे भरले की पावती, वर्षाचा लेखी हिशेब आणि मागितलं तर पासबुकात नोंद. सावकाराच्या वहीत आपल्या नावावर काय लिहिलंय ते कळायचा हक्क.

आजची वही म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, अशा चार कंपन्या ती ठेवतात. २०१७ पासून प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. स्वतःचा रिपोर्ट बघितल्यानं गुण कमी होत नाहीत. ही अफवा कुणी पसरवली देव जाणे. गुण कमी होतात ते ट्रॅक्टरच्या शोरूममधला एजंट एका दिवसात चार फायनान्स कंपन्यांकडं तुमचा पॅन फिरवतो तेव्हा.

रिपोर्ट काढला की आधी खाती मोजा. न घेतलेलं कर्ज दिसतंय का? परभणीकडच्या गंगाखेड कारखान्याच्या प्रकरणात शेतकऱ्यांच्या नावावर परस्पर कर्ज उचलल्याचा आरोप झाला आणि २०१७ साली गुन्हा दाखल झाला. ऊस घालताना आपण किती कागदांवर सह्या करतो ते आठवा. मग जामीनकी बघा. पाहुण्याच्या कर्जाला तुम्ही जामीनदार असाल तर ते खातं तुमच्याही रिपोर्टात असतं. तो थकला की तुम्ही अडलात. आपल्याकडं जामीन राहणं म्हणजे लग्नात आहेर करण्यासारखं झालंय, नाही म्हणायची सोयच नाही.

तिसरं, "सेटल्ड" हा शब्द. वसुलीवाला म्हणतो, निम्मे भरा, मिटवून टाकू. मिटतं, पण रिपोर्टात "क्लोज्ड" न येता "सेटल्ड" येतं आणि पुढची बँक त्याचा अर्थ बुडवलेलं कर्ज असाच घेते. ज्याच्याकडं खरंच पैसा नाही त्यानं तडजोड करावी, दुसरा मार्ग नसतो. पण ज्याची ऐपत आहे त्यानं पूर्ण भरून बेबाकीचा दाखला घ्यावा. कर्जमाफीत बसलेल्यांनीही बँकेनं खातं बंद झाल्याचं कळवलंय का ते बघा. नुसतं यादीत नाव आलं म्हणून गप्प बसू नका.

चूक सापडली तर त्या कंपनीकडं आणि बँकेकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा २०२४ पासून लागू असलेला नियम आहे. मोर्चात ही मागणी मी कधी ऐकली नाही.

कृषी सहायक आणि कंपन्यांचे सल्लागारही हे पान वाचतात. तुम्ही बांधावर माती-पाणी-देठ परीक्षणाचं सांगता, चांगलंच आहे. त्याच भेटीत दहा मिनिटं काढून शेतकऱ्याच्या फोनवर त्याचा रिपोर्ट उघडून द्या. खताचा डोस सांगता, पण खताला पैसा कुठल्या दरानं येतोय ते विचारत नाही.

आणि ज्याला बँक फिरवतेय त्यानं साहेबाशी भांडू नये. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, तारीख घालून घ्या. कर्ज नाकारलं तर कारण लेखी द्यायला बँक बांधील आहे. ते कारण मागा. तोंडी सांगितलेलं "बसत नाही" घेऊन घरी येऊ नका.