घरचा चार्ज

पेपरातल्या ‘निधन वार्ता’ आपण सगळ्याच वाचतो. ओळखीचं कुणी नाही ना, एवढंच बघायचं असतं. त्यात अधूनमधून एक बातमी हमखास असते. अमुक विद्यालयाचे निवृत्त मुख्याध्यापक यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. ते शिस्तप्रिय, मनमिळाऊ व कुटुंबवत्सल होते. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे.

चार ओळींत अख्खं आयुष्य. मैत्रिणींनो, त्यातले दोन शब्द आज जरा थांबून वाचू या. एक ‘कुटुंबवत्सल’ आणि दुसरा ‘पश्चात’.

पहिला शब्द उगाच लावलेला नसतो. तालुक्याच्या गावातल्या हेडसरांचं आयुष्य आठवून बघा. घरातले पहिले शिकलेले. बी.एड. करून नोकरीला लागले ते पहिल्या पगारातून धाकट्या भावाची फी भरायला. मग बहिणीचं लग्न, मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. शिक्षक पतसंस्थेचं एक कर्ज फिटतंय तोवर दुसरं. पन्नाशीला आल्यावर कुठे तीन खोल्यांचं स्लॅबचं घर उभं राहिलं. सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. दिवाळीला सगळ्यांना कपडे, स्वतःला मात्र ‘मागच्या वर्षीचा शर्ट चांगला आहे की!’ शाळा सुटल्यावर दिवेलागणीपर्यंत ऑफिसात बसून जनरल रजिस्टर, कॅशबुक, पोषण आहाराचा हिशेब. घरी येताना हातात मेथीची जुडी आणि नातवाला बिस्किटाचा पुडा. अशा माणसाला कुटुंबवत्सल म्हणायचं नाही तर कुणाला? हा शब्द त्यांनी घाम गाळून मिळवलेला असतो.

आणि त्यांच्या मागे त्यांच्या सौ. असतातच. सर शाळेच्या सहलीला गेले तेव्हा सासूबाईंचं दुखणं काढणाऱ्या. दहावीच्या जादा तासांसाठी सर पहाटे निघायचे म्हणून त्याआधी उठणाऱ्या. महिनाअखेर साड्यांना फॉल-पिको करून दुधाचं बिल भागवणाऱ्या. त्यांचं नाव कुठल्याच रजिस्टरला नसतं.

मग सरांची अठ्ठावन्न वर्षं भरतात. अनुदानित खासगी शाळा असो की जिल्हा परिषदेची, शिक्षकाचं निवृत्तीचं वय ५८. निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, मानपत्र. त्या दिवशी सौ.ना स्टेजवर बोलावतात, ओटी भरतात. ‘सरांना खंबीर साथ देणाऱ्या’ असं कुणीतरी भाषणात म्हणतं. टाळ्या होतात. सगळं छान.

पण त्याच दिवशी शाळेच्या ऑफिसात आणखी एक कार्यक्रम होतो. तो आपल्याला दिसत नाही. सर चार्ज देतात. कपाटाच्या किल्ल्या मोजून दिल्या जातात. डेडस्टॉक रजिस्टर काढून टेबल-खुर्च्या, नकाशे, प्रयोगशाळेतल्या काचनळ्यासुद्धा ताडून बघतात. चेकबुक, पासबुक, हातातली शिल्लक, चालू असलेली कोर्टकचेरी, येणं-देणं सगळं यादीत येतं. ‘चार्ज दिला’, ‘चार्ज घेतला’ अशा दोन सह्या झाल्या की सर मोकळे. नव्या हेडसरांना उद्या अडचण नको, शाळा एक दिवसही अडायला नको, हा त्यामागचा विचार.

आता घराकडे या. ज्या सरांनी काचनळ्यांचा चार्ज दिला, त्यांनी घराचा चार्ज कुणाला दिलाय? बहुतेक घरांत उत्तर असतं, कुणालाच नाही.

तुमच्या शेजारच्या काकूंना विचारा. सरांची पेन्शन कोणत्या बँकेत, कोणत्या शाखेत येते? किती येते? पीपीओ नंबर लिहिलेलं ते पुस्तक कुठल्या कपाटात आहे? गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कोणाकोणाची नावं आहेत? पुतण्याला घर बांधायला दिलेले पैसे परत आले का? मोबाइलचा पिन काय? काकू हसून म्हणतील, ‘अगं बाई, ते सगळं हेच बघतात. मला कशात काही घालावं लागत नाही.’

हे सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान असतो. नवरा इतका चांगला, की बँकेची पायरी चढावी लागली नाही! पण हाच अभिमान पुढे फार महागात पडतो. तेरावं होतं, पाहुणे पांगतात आणि पुण्याहून आलेला मुलगा कपाट उघडून विचारतो, ‘आई, बाबांची फाइल कुठंय?’ आईला माहीत नसतं. त्या दिवसापासून ती स्वतःच्याच घरात विचारून विचारून चालायला लागते. दोनशे रुपये हवे असले तरी मुलाच्या तोंडाकडे बघते.

सरांचा यात वाईट हेतू नसतो, हे आधी मान्य करू या. ‘तिला कशाला डोक्याला ताप’ हीच त्यांची माया. शिवाय मरणाचा विषय काढणं अभद्र. त्यांनी काढलाच तर आपणच म्हणतो, ‘काहीतरी बोलू नका तिन्हीसांजेला.’ म्हणजे चार्ज देणारा टाळतो आणि घेणारीही टाळते. मोठमोठ्यांच्या घरीही हे झालंय. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी स्त्रियांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं. आपली आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी संस्थेला देऊन टाकली. पदरात मुलं असलेल्या बायांना, म्हणजे आनंदीबाई कर्वे यांना, ते किती लागलं असेल याची कल्पना करा. स्वतः तरुणपणी वैधव्य भोगलेल्या त्या बाईला ‘पश्चात’ या शब्दाचा अर्थ नेमका ठाऊक होता. त्यांचं ‘माझे पुराण’ मिळालं तर जरूर वाचा.

वयाचं गणितही ध्यानात घ्या. आपल्याकडे नवरा बायकोपेक्षा बहुधा चार-पाच वर्षांनी मोठा असतो आणि बायकांचं सरासरी आयुष्य पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे शेवटची काही वर्षं एकटीनं काढायची वेळ बहुतेक जणींवर येणार. मग त्याची तयारी करणं अभद्र कसं?

म्हणून काही गोष्टी आत्ताच बघून ठेवा. सरांना मिळणारी पूर्ण पेन्शन साधारणपणे शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी असते. त्यांच्यामागे पत्नीला मिळतं ते कुटुंब निवृत्तिवेतन. त्याचा नेहमीचा दर शेवटच्या मूळ पगाराच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता. मृत्यू लवकर झाला तर सुरुवातीची काही वर्षं हा दर जास्त असतो. सरांनी पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असेल, तर त्याला अंशराशीकरण म्हणतात. त्यापायी दरमहा कपात होते आणि १५ वर्षांनी पेन्शन पूर्ववत होते. ही कपात पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाला लागत नाही. हे माहीत असलेलं बरं, म्हणजे कमी पैसे हातात ठेवून कुणी ‘एवढंच बसतं’ म्हणालं तर विचारता येईल. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे नोकरीला लागलेल्यांची योजना मात्र वेगळी आहे. त्या घरांनी आपले कागद वेगळे तपासावेत.

दुसरं नावाचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत होती. माहेरची सुमन सासरी सुनंदा झाली. पेन्शनच्या कागदांवर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच. नवरा हयात असताना ही दुरुस्ती त्याच्या एका अर्जानं होऊ शकते. नंतर हीच गोष्ट करायला बाईला किती खेटे घालावे लागतात, ते ज्या गेल्यात त्यांना विचारा. पेन्शनच्या कागदावर तुमचं नाव, जन्मतारीख आणि फोटो बरोबर आहे का, एवढं आज बघा. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर आहे का, नसेल तर करता येईल का, हे बँकेत विचारा.

तिसरं वारसाचं. ‘नॉमिनी लावलंय, आता काळजी नाही’ असं सर म्हणतात. पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक ज्याच्या हाती पैसे देते तो नॉमिनी, वारसांचा हक्क त्यानं संपत नाही. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. राहतं घर बायकोला मिळावं असं सरांच्या मनात असेल तर ते कागदावर यायला हवं. मृत्युपत्र साध्या कागदावर होतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणीची सक्ती नाही. आणि गावाकडे सरांच्या नावे शेती असेल तर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं चालवलेली ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ आठवा. सरकारनं १९९२ मध्ये त्याच नावानं योजना आणली. नवऱ्यानं अर्ज करून सातबाऱ्यावर पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावायचं, एवढं साधं काम. गावातल्या निम्म्या लोकांचे अर्ज ज्यांनी लिहून दिले, त्या सरांना हा एक अर्ज जड जाऊ नये.

आता दुसऱ्या बाजूचा चार्ज. कारण हे एकतर्फी नाही.

निवृत्तीनंतर सर घरी बसतात आणि शाळेची तपासणी घरात सुरू होते. गॅस बारीक कर. पंखा कशाला चालू? भाजी एवढी का आणलीस? चहा तीन वेळचा पाच वेळा होतो. सरांची नोकरी संपली, पण बाईंच्या वेळापत्रकात ऑफ तास काही आला नाही. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत दिसलं की घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवते आणि घरकामाला हात लावणारा पुरुष ९७ मिनिटं. हात लावणारे पुरुषच मुळात थोडे, ही आणखी वेगळी गोष्ट.

तेव्हा सरांनीही स्वयंपाकघराचा चार्ज घ्यायला हवा. कुकर लावणं, पोह्यांचा डबा कुठला ते माहीत असणं, गॅसचा नंबर लावणं, बायको सकाळी कोणती गोळी घेते आणि रात्री कोणती, हे पाठ असणं. यात उपकार काही नाहीत, गरज आहे. बातमीतली ओळ कधीकधी ‘त्यांच्या पश्चात पती’ अशीही येते. तेव्हा जन्मभर पाचशे मुलांची शाळा चालवलेला माणूस सकाळच्या चहासाठी सुनेची वाट बघत बसतो. हे बघवत नाही.

राहिली एक गोष्ट. ती बोलायला सगळ्यात अवघड आहे. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, मंगळसूत्र तोडतात. सुशिक्षित घरांतसुद्धा ‘लोक काय म्हणतील’ म्हणून हे होतं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यामागे करमाळ्याचे कार्यकर्ते प्रमोद झिंजाडे यांची धडपड होती. आपल्या मृत्यूनंतर आपल्या पत्नीवर हे विधी करू नयेत, असं प्रतिज्ञापत्रच त्यांनी केलं होतं. जिवंतपणी. नवऱ्यानं स्वतः लिहून ठेवलं असेल तर त्या दिवशी भावकीतलं कुणी पुढे आलं तरी मुलांना कागद दाखवता येतो. सरांच्या शब्दाला गावात मान आहे. त्यांचेच विद्यार्थी आज सरपंच आहेत, पोलीस पाटील आहेत. मग तो मान बायकोच्या कामी कधी येणार?

ज्या घरात सर आता नाहीत, तिथल्या मैत्रिणींनी ‘आता काय उपयोग’ म्हणून बसू नये. कागद शोधायला, विचारायला, मुलांना ‘बँकेत मीच सही करीन’ म्हणून सांगायला उशीर झालेला नसतो. एकदा दाखला लागला, एकदा परत पाठवलं, म्हणून खचायचं कारण नाही.

आणि ज्यांचे सर खुर्चीत पेपर वाचत बसलेत, त्यांनी एक शंभरपानी वही आणा. पहिल्या पानावर ‘घरचा चार्ज’ असं लिहून त्यांच्यापुढे ठेवा. अक्षर तर त्यांचं सुरेख आहेच! खाती, ठेवी, पॉलिसी, कर्ज, येणं-देणं, किल्ल्या, सगळं लिहून घ्या. मागच्या पानापासून तुम्ही लिहा : किराणावाला, दूधवाला, औषधं, मसाल्याचं प्रमाण, कुणाकुणाच्या घरी काय आहेर द्यायचा राहिलाय. खाली दोघांच्या सह्या.

दर नोव्हेंबरात पेन्शनर मंडळी हयातीच्या दाखल्यासाठी जातात. येत्या नोव्हेंबरात सर निघाले की चपला घाला आणि बरोबर जा. बँकेच्या काउंटरवर एकदा तुमचा चेहरा ओळखीचा होऊ द्या. सर हयात आहेत, तुम्हीही आहात. याहून चांगला मुहूर्त कुठला?