सहलीचा क्रम कोण ठरवतं?

सहल हा काही चळवळीचा विषय नाही, असं आपल्यापैकी अनेकींना वाटेल. हुंडा, मारहाण, पोटगी, दुष्काळातलं पाणी असे प्रश्न समोर असताना शिर्डीच्या वॉटर पार्कात आधी कुठल्या घसरगुंडीवर जायचं, यावर कुणी लेख लिहावा का? मी लिहिते आहे. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मी बचत गटांबरोबर आणि सल्ला केंद्रात काम करते. दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली, की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. बायका हसत हसत सांगायला लागतात आणि थोड्या वेळाने ते हसणं थांबतं. ‘दोन दिवस फिरून आले, आता चार दिवस अंग दुखतंय,’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं आहे, की त्याला एकेकीची तक्रार म्हणून सोडून देता येत नाही.

आपल्याकडच्या सहलीचं गणित सगळ्यांना ठाऊक आहे. तीन पिढ्या, एक भाड्याची क्रूझर. सासू-सासरे, दोन भाऊ, दोन जावा, पाच मुलं, जमलं तर माहेरी आलेली नणंद. एकाच दिवसात शिर्डीचं दर्शन, तिथलं वॉटर पार्क, साईतीर्थ आणि येताना शनिशिंगणापूर. हा क्रम घरातला कर्ता पुरुष ड्रायव्हरशी बोलून ठरवतो. रस्ता कुठून सोयीचा, गाडीचं भाडं किती, रात्री किती वाजता परत यायचं, हे त्याचे निकष. घरातल्या बाईला हा क्रम आदल्या रात्री कळतो, तोही ‘पहाटे चारला निघायचंय, डबे भर’ या शब्दांत.

तिने दशम्या केल्या, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या आणि सासूबाईंच्या साखरेच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधल्या, धाकट्याला गाडी लागते म्हणून लिंबू आणि पिशव्या घेतल्या, पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकाचे कोरडे कपडे मोजले. याला आपण ‘तयारी’ म्हणतो. त्याने रस्ता सांगितला, त्याला ‘निर्णय’ म्हणतो. माझा पहिला आक्षेप या दोन शब्दांना आहे.

ॲलिसन डॅमिंजर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी २०१९ साली घरातल्या डोक्याच्या कामाचा अभ्यास मांडला. त्यांनी या कामाचे चार टप्पे केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ठरलेलं पार पडतंय ना यावर लक्ष ठेवणं. पहिला आणि शेवटचा टप्पा मुख्यतः बायकांच्या वाट्याला येतो आणि निर्णयाच्या वेळी मात्र पुरुष हजर असतो, असं त्यांना दिसलं. तिथे निर्णय निदान दोघं मिळून घेतात. आपल्याकडे अनेक घरांत बाईला त्या टप्प्यावर बोलावणंसुद्धा येत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं आढळलं. घरच्यांची काळजी घेण्यात स्त्रियांची १३७ मिनिटं जातात, पुरुषांची ७५. ‘सासऱ्यांची दुपारची गोळी जेवणानंतरची आहे आणि तेव्हा आपण रांगेत असणार’ हा विचार रात्री अकराला अंथरुणावर पडून करण्याची मिनिटं कुठल्या रकान्यात मोजणार?

आता क्रम चुकला की काय होतं ते पाहू. शिर्डीत दुपारी बारा वाजता माध्यान्ह आरती असते आणि आरतीच्या वेळी दर्शनाची रांग थांबते. अकराला पोहोचलेलं कुटुंब तिथे अडकतं. गुरुवारी पालखी, म्हणून गर्दी आणखी. दर्शन उरकून भर उन्हात सगळे वॉटर पार्कात. गुडघे दुखणारी सासू आणि झोपेला आलेलं दीड वर्षाचं मूल सावली शोधतात. त्यांच्याबरोबर कोण थांबणार, हे विचारावं लागत नाही. पुरुष आणि मोठी मुलं पाण्यात, बाई सामानाशी. बऱ्याच ठिकाणी पाण्यात न उतरणाऱ्यालाही तिकीट काढावं लागतं. म्हणजे आपण पैसे भरून बाकावर बसतो. संध्याकाळी पाण्यातून आलेली मंडळी ताजीतवानी असतात आणि ओल्या कपड्यांचं गाठोडं बाईच्या मांडीवर असतं. मग शिंगणापूर, सुमारे सत्तर किलोमीटर.

कुणी म्हणेल, तिला कोणी अडवलंय? तिनेही उतरावं की पाण्यात! साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून वॉटर पार्कच्या पाण्यात उतरता येत नाही, नायलॉनचा पोशाख लागतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण तो पोशाख घालून सासऱ्यांसमोर आणि दिरासमोर यायचं, हा प्रश्न तिने एकटीने सोडवायचा, आणि तोही तिकीट खिडकीशी, मागे रांग खोळंबलेली असताना? घरी आठ दिवस आधी कुणी हा विषय काढला असता, तर काहीतरी मार्ग निघाला असता. विषय निघत नाही, कारण ती उतरणार हे कुणाच्या मनातच नसतं.

आणि आता त्या गोष्टीबद्दल, जिच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. सहलीची तारीख ठरली की गावातल्या औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांना मागणी येते. देवदर्शन आहे, पाणी आहे, गाडीत बारा माणसं आहेत. तारीख बदला असं म्हणायची सोय नाही, कारण का बदलायची ते सांगावं लागेल. म्हणून बाई स्वतःचं शरीर बदलते. नोरेथिस्टेरॉन हे हार्मोनचं औषध आहे. ते डॉक्टरला विचारून घ्यायचं असतं. पाळीच्या तीन दिवस आधी सुरू करावं लागतं आणि बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. रक्ताच्या गाठी होण्याचा पूर्वइतिहास असलेल्या, यकृताचा आजार असलेल्या किंवा गरोदर असण्याची शक्यता असलेल्या बाईने ते परस्पर घेणं धोक्याचं आहे. आमच्या गटातल्या एकीला तिच्या जावेने उरलेलं पाकीट दिलं होतं, ‘दोन दोन घे’ असं सांगून. कुणीही तिला तपासलं नव्हतं. गाडीची तारीख हलवायला एक फोन पुरला असता. तो न करता बाईच्या संप्रेरकांचं वेळापत्रक हलवलं गेलं. याला सहलीची तयारी म्हणायचं?

‘ही तर परंपरा आहे, देवाचं आहे, त्यात काय बदलणार?’ या युक्तिवादाला आपल्याच जिल्ह्यात एकदा उत्तर मिळालं आहे. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना बंदी होती. पुरुषांनी ओलेत्याने वर जायचं आणि बायकांनी खाली थांबायचं, हा त्या सहलीचा ठरलेला क्रम होता. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर गेली, तर शुद्धीकरण केलं गेलं. २६ जानेवारी २०१६ रोजी भूमाता ब्रिगेडचा मोर्चा सुप्याला अडवला. विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक उच्च न्यायालयात गेल्या. मंदिरप्रवेशाचा १९५६ चा कायदा राज्यात आहे आणि त्याची अंमलबजावणी करणं सरकारचं काम आहे, हे १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयात स्पष्ट झालं. ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, चौथरा बायकांना खुला झाला. ज्या थांबण्याला सगळे श्रद्धा म्हणत होते, ते आठ दिवसांत बदलता आलं. बाकावरचं थांबणं कुठल्याच पोथीत नाही. ते तर त्याहून लवकर बदलायला हवं.

आपल्यातही एक भांडण आहे, ते झाकून चालणार नाही. नव्या पिढीची सून कधी कधी हक्काने पाण्यात उतरते, आणि मग बाळ कुणाच्या मांडीवर जातं? सासूच्या. ‘आई, तुम्ही तर तसंही पाण्यात येणार नाही’, असं म्हणून. एका बाईने उठायचं आणि तिच्या जागी दुसरीने बसायचं, याला मुक्ती म्हणता येत नाही. बाक तसाच राहतो. सासूला कुणी विचारलं का? मी ज्या ज्येष्ठ बायकांना विचारलं, त्यांतल्या बऱ्याच जणींना पाय बुडवायचे होते, लाटांच्या तलावाच्या काठाशी बसायचं होतं. साईतीर्थात ‘लंका दहन’ बघायचं होतं, कारण तिथे गारव्यात आणि खुर्चीवर बसून बघता येतं. एक आजी म्हणाल्या, ‘मला विचारतच नाहीत गं. माझे गुडघे विचारात घेतात.’

दुसरा आक्षेप गरिबीचा. ज्यांना सहलच परवडत नाही त्यांचं काय? पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईची सुट्टी कसली? खरं आहे. पण तिचा आणि या प्रश्नाचा धागा एकच आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, उचल कोयत्यावर मिळते आणि ती नवऱ्याच्या हातात पडते. बाईचं काम हिशेबात धरलं जातं, बाई धरली जात नाही. फडात कोयता, सहलीत कुटुंब. एकक बदललं, तरी त्याच्या आत बाई तशीच विरघळते. आणि गरीब बाईला फिरण्याची हौस नसते, असं समजणाऱ्यांनी मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यावर गाड्यांमध्ये कोण दिसायला लागलं, ते जरूर पाहावं. पंचाहत्तरच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच नाही. क्रूझरच्या मालकाशी कर्त्या पुरुषाने बोलायचं, ही अटच आता उरलेली नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा: ‘घरची सहल, त्यात हक्कांची भाषा कशाला? दोन घटका मजा करू द्या.’ आमचंही तेच म्हणणं आहे. मजा करू द्या, आम्हालाही.

काय करता येईल? आमच्या दोन गटांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या इथे मांडते.

एक, तारीख ठरवण्याआधी घरातल्या प्रत्येक बाईला विचारायचं. कारण सांगण्याची सक्ती नाही. ‘मला ही तारीख नको’ एवढं पुरेसं आहे.

दोन, क्रम ठरवताना सर्वांत म्हातारं आणि सर्वांत लहान माणूस आधी. गुडघ्यांची आणि चालण्याची कामं सकाळच्या गारव्यात, दुपारी बसून बघायचं ते, ऊन उतरल्यावर पाणी. मोठ्या मुलांना घसरगुंड्यांची रांग नको असेल, तर पार्क उघडल्याबरोबर एका मोठ्या माणसाबरोबर त्यांनी पुढे जावं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरलंच पाहिजे, असा कायदा नाही.

तीन, एका दिवसात चार ठिकाणं नाहीत. शिंगणापूर पुढच्या खेपेला, आणि तेही शनिवार सोडून.

चार, सामानाशी पाळीपाळीने बसायचं, तास लावून, पुरुषांनीसुद्धा. डिस्नेच्या पार्कांमध्ये ‘रायडर स्विच’ नावाची सोय आहे. एक जण मुलापाशी थांबतो, दुसरा खेळून येतो, मग पहिल्याला पुन्हा पूर्ण रांग न लावता आत सोडतात. धंदा करणाऱ्यांना जे सुचलं, ते घरातल्यांना सुचायला काय हरकत आहे? आणि आपल्याकडच्या पार्कांकडेही ही मागणी करायला काय हरकत आहे? न उतरणाऱ्यांसाठी कमी दराचं तिकीट, बाळाला पाजायला आडोसा, ज्येष्ठांसाठी भरपूर सावली, कपडे बदलण्याच्या खोलीत सॅनिटरी पॅडची सोय. गटाच्या लेटरहेडवर चार ओळी लिहून पाठवायला खर्च येत नाही.

पाच, जी बाई गोळ्यांची पुडी बांधते, तिच्याच हातात सहलीचे पैसे. ज्याच्याकडे पैसे असतात, त्याचं घड्याळ चालतं. बाकीचे चारही ठराव या एकावर उभे आहेत.

यातला पाचवा ठराव बैठकीत मांडला तेव्हा सर्वांत जास्त हशा पिकला. ‘ते मात्र होणार नाही, ताई,’ असं तिघी-चौघी एकदम म्हणाल्या. त्यावरूनच कळतं की मुद्दा वॉटर पार्कचा नव्हता. घराच्या पैशावर, वेळेवर आणि आपल्या शरीरावर कुणाचं वेळापत्रक चालतं, याचा होता. सहल वर्षातून एकदा येते, म्हणून हे वेळापत्रक बदलून बघायला ती सोयीची जागा आहे. चुकलं तर एका दिवसाचंच नुकसान. जमलं तर उरलेल्या दिवसांबद्दलही बोलता येईल.

येत्या सुट्टीत आपापल्या गटात हे पाच ठराव वाचून दाखवा आणि घरी त्यातला एक तरी अमलात आणा. कुठला जमला आणि कुठल्यावर घरात भांडण झालं, ते या अंकाच्या पत्त्यावर कळवा. भांडणाची पत्रं आधी छापू.