‘क्रेडिट’ कीं कर्ज?

परवां एका सुशिक्षित गृहस्थांनीं मोठ्या समाधानानें सांगितलें, “घरांतलें सारें नवें सामान क्रेडिटवर घेतलें.” हेंच मराठींत सांगावयाचें असतें, तर ‘उधारीवर’ म्हणतांना त्यांची जीभ क्षणभर अडखळली असती. तें अडखळणें मला मोलाचें वाटतें. आणि तें नाहींसें करणें हाच या शब्दाचा आजचा उद्योग आहे.

शब्दाचें कुळ थोर आहे, हें मान्य केलेंच पाहिजे. ‘विश्वास ठेवणें’ या अर्थाच्या ‘क्रेडेरे’ या लॅटिन क्रियापदापासून तो निघाला आणि सोळाव्या शतकांत इंग्रजींत रुळला. आमच्या ‘पत’ शब्दांतही हाच भाव आहे. १९०४ सालीं सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला, तेव्हां ग्रामीण पेढ्यांतील सभासदांची जबाबदारी सामान्यतः अमर्याद ठेवली होती. एकानें बुडविलें तर इतरांनीं भरावें! साहजिकच शेजाऱ्याची सचोटी शेजारीच पारखीत असे.

आज पत ३०० ते ९०० या आंकड्यांत मोजतात. आणि ज्यानें जन्मांत कर्जच काढलें नाहीं, त्याचा आंकडाच निघत नाहीं! निष्कलंक माणूस पतहीन ठरावा, याहून शब्दाची विटंबना ती कोणती?

शिवाय अर्थाचा घोटाळा आहेच. बँकेच्या खातेपुस्तकांत ‘क्रेडिट’ म्हणजे आपली जमा. तेथें बँक आपली ऋणको. कार्डावरील ‘क्रेडिट’ची मर्यादा म्हणजे आपण किती ऋण करावें याची हद्द, येथें ऋणको आपण. ‘जमा’ आणि ‘उधारी’ हे आमचे दोन शब्द असा चकवा देत नाहींत.

कोणी म्हणतील, एका शब्दाचा एवढा बाऊ कशाला? मुदतींत सारी रक्कम फेडणाऱ्यास बहुधा व्याज पडत नाहीं, हेंही खरें. पण मुदत चुकली कीं दरमहा तीन-साडेतीन टक्के आकारणारीं कार्डें आहेत. सरळ हिशेबानेंच वर्षाला ३६ ते ४२ टक्के! हाच दर गांवच्या सावकारानें सांगितला असता, तर त्याला आपण पाश म्हटलें असतें.

परके शब्द नकोत, असा माझा हट्ट नाहीं. ‘बँक’ आणि ‘चेक’ आपण केव्हांच आपलेसे केले, कारण त्यांनीं कांहीं झांकलें नाहीं. हा शब्द झांकतो. गरज पडल्यास कर्ज अवश्य काढावें. मात्र घरांतल्या मुलांसमोर त्याला कर्जच म्हणावें.