टोलचा दर गर्दी पाहून ठरेल, मग एसटीचं काय?

दुबईत नोकरीला असलेला भाऊ, मामा किंवा चुलता आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात आहे. तिथल्या ‘सालिक’ टोलबद्दल त्याला एकदा विचारा. २००७ साली हा टोल सुरू झाला तेव्हा कमानीखालून गाडी गेली की ४ दिरहॅम कापले जायचे. ३१ जानेवारी २०२५ पासून दर घड्याळावर चालतो. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते १० आणि संध्याकाळी ४ ते ८ या वेळेत ६ दिरहॅम, बाकी वेळी ४, आणि रात्री १ ते सकाळी ६ फुकट. रमजानमध्ये ऑफिसच्या वेळा बदलतात म्हणून टोलच्या वेळाही बदलतात. टॅक्सीत बसलात तर हा टोल तुमच्याच बिलात येतो. सरकारी बसला मात्र तो नाही.

अमेरिकेत याच्याही पुढची पद्धत आहे. व्हर्जिनियातल्या आय-६६ रस्त्यावर गर्दीच्या वेळेत टोल दर काही मिनिटांनी बदलतो. डिसेंबर २०१७ मध्ये तो सुरू झाला आणि पहिल्याच दिवसांत एका फेरीचा दर ४० डॉलरपर्यंत गेला. लोक भडकले. पण त्या रस्त्यावर बस फुकट जाते आणि टोलच्या पैशांतून बससेवेला वाटा मिळतो. न्यूयॉर्कनेही ५ जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या गाडीला गर्दीच्या वेळी ९ डॉलर लावले. तो पैसा मेट्रो आणि बससाठी आहे.

‘हे सिंधुदुर्गात कशाला येईल?’ असं कुणी विचारेल. फास्टॅग २०२१ पासून सक्तीचा आहे. पैसे खात्यातून आपोआप कापले जातात, म्हणजे वेळेनुसार दर बदलायला नवा नाका बांधावा लागत नाही. आणि गर्दी पाहून भाव वाढवणं आपल्याला नवीनही नाही. रेल्वेने सप्टेंबर २०१६ मध्ये राजधानी, शताब्दी, दुरांतोला ते लावलं. दर १० टक्के सीट विकल्या की भाडं १० टक्क्यांनी वर, अशी ती पद्धत.

ज्याच्याकडे गाडी नाही, तो तर बदलता दर कधीपासून मोजतोय. गणपती, मे महिना, ईद जवळ आली की मुंबईहून कणकवली, मालवण, सावंतवाडीला येणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सची भाडी बघा. एप्रिल २०१८ च्या शासन निर्णयानुसार खासगी बसला एसटीच्या भाड्यापेक्षा फार तर ५० टक्के जास्त घेता येतात. तक्रार आरटीओकडे करता येते. पण गावी जायचं ज्याला नक्की आहे आणि एसटीचं आरक्षण मिळालेलं नाही, तो तक्रार करत बसत नाही, पैसे देतो. दुसरा पर्याय नसेल तर बदलता दर म्हणजे नुसती अडवणूक.

आता आपल्या महामार्गाकडे येऊ. ओसरगावच्या नाक्यावर २०२२ मध्ये टोलवसुली सुरू होणार म्हटल्यावर जिल्ह्यात सगळ्या पक्षांचे लोक विरोधाला उतरले. एमएच-०७ च्या गाड्यांना माफी द्या, ही त्यातली मुख्य मागणी. मागणी रास्तच आहे. कणकवलीहून ओरोसला जिल्हा रुग्णालयात किंवा कलेक्टर ऑफिसात जाणारा माणूस याच नाक्यावरून जातो. पण डेपोत उभ्या असलेल्या लाल गाडीची नंबरप्लेट कधी वाचली आहे का? बहुतेक गाड्यांवर एमएच-१४ किंवा एमएच-२० असतं. एसटीच्या गाड्या जिथे बांधल्या जातात, तिथली ती पासिंग. म्हणजे एमएच-०७ ची माफी उद्या मिळाली, तरी नंबरप्लेट पाहून दिलेली ती माफी मालवण-कणकवली एसटीला लागू होणार नाही.

टोलचे नियमही गाडीवाल्याच्या सोयीचे आहेत. २००८ च्या नियमांत कारचा मूळ दर किलोमीटरला ६५ पैसे आणि बसचा २ रुपये २० पैसे. दरवर्षी दोन्ही वाढतात, पण प्रमाण तेच राहतं. १५ ऑगस्ट २०२५ ला खासगी कार, जीप, व्हॅनसाठी २०० फेऱ्यांचा वार्षिक पास ३ हजारांत सुरू झाला. तेव्हा फेरीला १५ रुपये पडले. बसला हा पास नाही, आणि पर्यटक फिरवून घर चालवणाऱ्या पिवळ्या नंबरप्लेटच्या टॅक्सीलाही नाही.

बस जड असते, रस्ता जास्त झिजवते, म्हणून दर जास्त, हे उत्तर चुकीचं नाही. पण गर्दी पाहून टोल लावायचा तर हिशोब झिजेचा राहत नाही, जागेचा होतो. ४० माणसं घेऊन जाणारी एक बस दोन-तीन गाड्यांची जागा घेते. तीच माणसं गाड्या काढून निघाली तर नाक्यावर रांग लागेल. गर्दी कमी करणाऱ्याकडूनच गर्दीचा दंड घेणं कुठल्या न्यायात बसतं?

शिवाय एसटीत कोण बसतं ते पाहा. पासवर कॉलेजला जाणारी मुलं, मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात फिरणाऱ्या बायका, ७५ च्या पुढचे आजी-आजोबा. एसटीवरचा बोजा वाढला की आधी फेऱ्या कमी होतात, आणि पहिल्यांदा बंद पडते ती वाडीवर जाणारी, तोट्यातली फेरी.

एसटीला टोलमाफी देता येते, हे राज्य सरकारनेच दाखवलंय. १ जून २०१५ पासून राज्यातल्या ५३ नाक्यांवर कार-जीपबरोबर एसटीलाही माफी मिळाली. गणेशोत्सवात कोकणात येणाऱ्या गाड्यांना आणि एसटीला माफी मिळते, तिचा फायदा त्या दिवसांत गावी येणाऱ्या प्रत्येकाला होतो, मग तो कुठल्याही धर्माचा असो. तीच एसटीला वर्षभर आणि राष्ट्रीय महामार्गावरही द्या, एवढंच म्हणायचं आहे.

बदलत्या टोलला डोळे झाकून विरोध करायची गरज नाही. तो येण्याआधी तीन गोष्टी मात्र लेखी मागून घ्यायला हव्यात. एसटीला सर्व नाक्यांवर माफी. टोलच्या वाढीव पैशांतला ठरलेला वाटा त्याच जिल्ह्याच्या एसटीला. आणि ज्या वेळेत दर चढणार, त्या वेळेत त्या मार्गावर पुरेशा बस.

हे मागायला गाडी असावी लागत नाही. पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा. मोहल्ला कमिटीच्या पत्रात रस्ता आणि गटाराबरोबर एसटीही लिहा. डेपोत जाऊन दोन वर्षांत कोणत्या फेऱ्या बंद झाल्या, ते माहितीच्या अधिकारात विचारा. ती यादी हातात असली की आमदार-खासदारांशी बोलणं सोपं जातं.